प्रायॉन-दूषित उपकरणे आणि पृष्ठभागांचे निर्दूषण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शस्त्रक्रियागृह, सीएसएसडी (रुग्णालयातील उपकरणे निर्जंतुक करणारा मध्यवर्ती विभाग), विकृतिविज्ञान प्रयोगशाळा, शवविच्छेदन कक्ष आणि प्राण्यांच्या रोगांवर काम करणारे विभाग येथील कर्मचाऱ्यांना या विषयात जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. रुग्णाच्या घरी काळजी घेणाऱ्यांसाठीही एक प्रश्न घेतला आहे. प्रत्यक्ष काम करताना आपल्या संस्थेची संसर्ग-नियंत्रण समिती आणि उपकरणाचा उत्पादक यांच्या सूचना अंतिम मानाव्यात.

प्रायॉन म्हणजे काय, आणि नेहमीचे निर्जंतुकीकरण त्याच्यापुढे का अपुरे पडते?

आपल्या चेतापेशींच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असते. त्याची घडी बिघडली की ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही बिघडलेला आकार देते, आणि हीच साखळी मेंदूत वर्षानुवर्षे पसरत जाते. या बिघडलेल्या प्रथिनाला प्रायॉन म्हणतात. हे नाव स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये दिले आणि या कामासाठी त्यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी, १९६० च्या दशकातच, टिकवा अॅल्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कोड्यात टाकणारी गोष्ट दाखवली होती. मेंढ्यांच्या स्क्रेपी रोगाचा कारक अतिनील किरणांच्या आणि आयनीकारक किरणोत्साराच्या अशा मात्रांनाही दाद देत नव्हता, ज्यांनी कोणत्याही विषाणूचा जनुकीय ऐवज नष्ट झाला असता.

निर्जंतुकीकरणाच्या बहुतेक पद्धती जिवंत पेशीच्या किंवा जनुकीय ऐवजाच्या एखाद्या मर्मावर घाव घालतात. प्रायॉनमध्ये डीएनए नाही, आरएनए नाही, पेशीचे आवरण नाही आणि चयापचयही नाही. त्यात असते ते घट्ट गुंफलेले, पुंजके करून राहणारे आणि प्रथिने पचवणाऱ्या विकरांनाही बऱ्याच अंशी पुरून उरणारे प्रथिन. म्हणून येथे दोनच गोष्टी उपयोगी पडतात: ते पृष्ठभागावरून काढून टाकणे, आणि त्याची घडी पूर्णपणे मोडणे किंवा त्याचे तुकडे करणे. या पानावरील प्रत्येक उत्तर याच मुद्द्यावर उभे आहे.

हे कोणते आजार आहेत आणि किती आढळतात?

माणसांमध्ये क्रॉयट्झफेल्ट-याकोब रोग, म्हणजे सीजेडी, हा सर्वांत जास्त आढळतो. जगभरात त्याचे प्रमाण दरवर्षी दहा लाख लोकांमागे एक ते दोन इतके आहे. त्यातले बहुसंख्य रुग्ण कोणतेही बाह्य कारण नसलेले असतात, काही आनुवंशिक असतात आणि अगदी थोड्यांना तो बाहेरून झालेला असतो. गायींच्या बीएसई रोगाशी जोडलेला व्हेरियंट सीजेडी १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखला गेला. प्राण्यांमध्ये मेंढ्यांचा स्क्रेपी, गायींचा बीएसई आणि हरणवर्गीयांचा क्षयकारक रोग, म्हणजे सीडब्ल्यूडी, हे प्रमुख आहेत. यांपैकी एकावरही आज रोग बरा करणारा उपचार नाही.

उपकरणांतून हा रोग खरोखर पसरतो, याचा पुरावा काय?

पुरावा थोडा आहे, पण तो ठाम आहे. झुरिकमध्ये १९७० च्या दशकात अपस्माराच्या दोन तरुण रुग्णांच्या मेंदूत खोलवर चांदीचे इलेक्ट्रोड बसवण्यात आले. तेच इलेक्ट्रोड त्याआधी सीजेडी झालेल्या एका रुग्णाच्या मेंदूत वापरले गेले होते. वापरांच्या मध्ये ते स्वच्छ करून ७० टक्के अल्कोहोल आणि फॉर्मल्डिहाइडची वाफ देऊन निर्जंतुक केले होते, म्हणजे त्या काळच्या समजुतीनुसार कामात काहीच कमी नव्हती. दोघांनाही सीजेडी झाला आणि १९७७ मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. माणसांवरच्या शेवटच्या वापराला दोन वर्षांहून अधिक काळ लोटल्यानंतर आणि पुन्हा पुन्हा साफ करून झाल्यावर ते इलेक्ट्रोड एका चिंपांझीच्या मेंदूत बसवण्यात आले, आणि सुमारे दीड वर्षाने तोही आजारी पडला. हा अहवाल १९९४ मध्ये आला. धातूला चिकटलेला अदृश्य अंश किती काळ टिकतो, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

फॉर्मॅलिनवरचा विश्वास तर त्याही आधी डळमळायला हवा होता. १९३० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये मेंढ्यांच्या मेंदूच्या ऊतींपासून बनवलेली आणि फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली एक लस हजारो मेंढ्यांना टोचली गेली. ज्या विषाणूविरुद्ध ती होती तो निष्क्रिय झाला होता, पण स्क्रेपीचा कारक झाला नव्हता, आणि लस टोचलेल्या शेकडो मेंढ्या पुढे स्क्रेपीने आजारी पडल्या.

हेही सांगितले पाहिजे की शस्त्रक्रियेच्या उपकरणांमुळे सीजेडी झाल्याच्या निश्चित नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि त्या अनेक दशकांपूर्वीच्या आहेत. मृत व्यक्तींच्या पीयूषिका ग्रंथीपासून काढलेले वाढीचे संप्रेरक आणि मेंदूच्या आवरणाचे कलम यांतून झालेली हानी त्याहून कितीतरी मोठी होती. पण उद्भवनकाळ अनेक वर्षांचा असल्यामुळे नोंद झाली नाही म्हणजे घटना घडलीच नाही, असे येथे गृहीत धरता येत नाही.

कोणत्या ऊतींपासून सर्वांत जास्त धोका असतो?

मेंदू, मेरुरज्जू आणि डोळ्याचा मागचा भाग, म्हणजे दृष्टिपटल आणि दृष्टिचेता, यांत संसर्गक्षमता सर्वाधिक असते. मेंदू-मेरुद्रव, यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस, प्लीहा आणि लसिकाग्रंथी यांत ती कमी मानली जाते. घाम, अश्रू, लाळ आणि विष्ठा यांच्याशी आलेल्या नेहमीच्या संपर्कातून माणसांमध्ये रोग पसरल्याचे आढळलेले नाही.

व्हेरियंट सीजेडीत चित्र वेगळे आहे, कारण त्यात टॉन्सिल, अपेंडिक्स आणि प्लीहा यांतही प्रायॉन सापडतो. ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियेत काढलेली ३२ हजारांहून अधिक अपेंडिक्स तपासली गेली, तेव्हा १६ नमुन्यांत बिघडलेले प्रथिन आढळले. ते प्रमाण दर दोन हजारांत सुमारे एक इतके येते. त्या सगळ्यांना आजार होईल असा याचा अर्थ नाही, पण त्या देशाने मेंदूच्या शस्त्रक्रियांच्या उपकरणांबाबत इतकी काळजी का घेतली, हे त्यावरून कळते.

कोणत्या पद्धतींवर विसंबू नये?

अल्कोहोल, फॉर्मॅलिन, ग्लुटरल्डिहाइड, इथिलीन ऑक्साइड वायू, अतिनील किरण, गॅमा किरण, साधे उकळणे आणि कोरडी उष्णता यांपैकी एकीवरही विसंबू नये. अल्कोहोल आणि अल्डिहाइड यांचा आणखी एक तोटा आहे: ती प्रथिने जागीच स्थिर करतात, पृष्ठभागाला घट्ट चिकटवतात, आणि त्यानंतर वाफेचाही परिणाम कमी होतो. म्हणजे ‘निदान काहीतरी तरी करू’ म्हणून उपकरण ग्लुटरल्डिहाइडमध्ये बुडवून ठेवणारा माणूस पुढच्या माणसाचे काम अवघड करून ठेवतो. कोरड्या उष्णतेबद्दल तर प्रयोग थक्क करणारे आहेत. स्क्रेपीग्रस्त मेंदूच्या वाळवलेल्या नमुन्यात ३६० अंश सेल्सियसला एक तास ठेवल्यावरही काही संसर्गक्षमता शिल्लक राहिली, आणि ६०० अंशांवर राख झालेल्या नमुन्यातही तिचा अल्प अंश आढळला. १००० अंशांना मात्र काहीही उरले नाही.

शस्त्रक्रिया संपल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय करावे?

आमच्या मते सर्वांत जास्त लक्ष याच प्रश्नाकडे द्यायला हवे, आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी लक्ष याकडेच दिले जाते. उपकरण वाळू देऊ नये. मेंदूची ऊती पोलादावर वाळली की तिच्यातले प्रथिन धातूला असे धरते की पुढची कोणतीही पद्धत कमकुवत ठरते. प्रयोगशाळेत पोलादाच्या बारीक तारा दूषित मेंदूत फक्त पाच मिनिटे ठेवून आणि नंतर धुऊन उंदरांच्या मेंदूत घातल्या, तरी उंदरांना संसर्ग झाला.

एखादा दात्यांचा चिमटा जवळून पाहा. दात्यांच्या खाचा, दोन पाती जुळतात तो सांधा आणि मुठीकडची खोबण, या तीन जागी ऊतीचा कण अडकतो आणि नळाच्या धारेने तो निघत नाही. म्हणून उपकरणे वापर संपताच पाण्यात किंवा ओलावा टिकवणाऱ्या द्रावणात ठेवावीत, सांध्याची उपकरणे उघडी ठेवावीत, सुटे होणारे भाग सुटे करावेत, आणि थाळीवर स्पष्ट खूण करून ती बंद डब्यात सीएसएसडीकडे पाठवावी. घासताना ब्रश पाण्याखालीच चालवावा, म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत. सुया, ब्लेड, ड्रिलची टोके आणि साफ करायला अवघड अशी सगळी साधने एकदाच वापरून जाळण्यासाठी पाठवणे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने कोणत्या पद्धती सुचवल्या आहेत?

संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत परिणामकारकतेच्या क्रमाने पर्याय दिले आहेत. सर्वांत वर आहे जाळून नष्ट करणे. एकदाच वापरण्याच्या सर्व वस्तूंसाठी तेच सुचवले आहे, आणि अतिसंसर्गक्षम ऊतींशी संपर्क आलेल्या पुन्हा वापरण्याच्या उपकरणांसाठीही त्यालाच प्राधान्य दिले आहे.

उष्णता सोसणाऱ्या पुन्हा वापरण्याच्या उपकरणांसाठी सर्वांत कडक पद्धत अशी: उपकरण सोडियम हायड्रॉक्साइडच्या (कॉस्टिक सोड्याच्या) द्रावणात बुडवून, त्या द्रावणासह, गुरुत्व-विस्थापन प्रकारच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१ अंशांना ३० मिनिटे ठेवणे, मग साफ करणे, पाण्याने धुणे आणि नेहमीचे निर्जंतुकीकरण करणे. दुसऱ्या पर्यायात उपकरण सोडियम हायड्रॉक्साइड किंवा सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमधील रसायनात) एक तास ठेवतात, नंतर पाण्यात हलवून १२१ अंशांना एक तास ऑटोक्लेव्ह करतात. याशिवाय सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये दहा मिनिटे उकळणे, फक्त रसायनात एक तास ठेवणे, आणि शेवटी १३४ अंशांना १८ मिनिटे ऑटोक्लेव्ह करणे, असे उतरत्या क्रमाचे पर्याय येतात.

द्रावणांची तीव्रता लक्षात ठेवावी. एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे एका लिटर द्रावणात ४० ग्रॅम. हायपोक्लोराइटमध्ये उपलब्ध क्लोरीन २०,००० पीपीएम (दहा लाख भागांत २०,००० भाग) असावे लागते, जे फरशी पुसण्याच्या नेहमीच्या द्रावणापेक्षा अनेक पटींनी जास्त आहे. दोन्ही द्रावणे ताजी करावीत, कारण हायपोक्लोराइट साठवणीत कमजोर होते आणि सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते.

फक्त १३४ अंशांना १८ मिनिटे ठेवले तर चालेल का?

यंत्रावर एक बटण दाबून होणारी ही पद्धत असल्याने ती सर्वांना आवडते. स्वच्छ धुतलेल्या उपकरणावर ती संसर्गक्षमता पुष्कळ कमी करते. पण प्रायॉनचे काही प्रकार उष्णतेला अधिक चिवट असतात, आणि वाळलेल्या किंवा अल्डिहाइडने स्थिर झालेल्या ऊतींवर तिच्यानंतरही संसर्गक्षमता उरल्याचे प्रयोगांत दिसले आहे. निश्चित निदान झालेल्या रुग्णाच्या मेंदूवर वापरलेल्या उपकरणासाठी आम्ही तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवणार नाही. जेथे रसायन वापरता येत नाही, तेथे काटेकोर धुलाईनंतर ती वापरावी.

सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायपोक्लोराइट यांपैकी काय निवडावे?

दोन्ही प्रभावी आहेत आणि दोन्ही धोकादायक आहेत. हायपोक्लोराइट पोलादाला गंजवते आणि खड्डे पाडते, त्यामुळे महागड्या सूक्ष्म उपकरणांचे आयुष्य घटते. त्याच्यात कोणतेही आम्ल मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि ते कधीही ऑटोक्लेव्हमध्ये घालू नये. सोडियम हायड्रॉक्साइड पोलादाला तुलनेने कमी त्रास देते, पण अॅल्युमिनियम खाऊन टाकते आणि त्या क्रियेत हायड्रोजन वायू तयार होतो. त्वचा आणि डोळे यांना ते गंभीर इजा करते. ऑटोक्लेव्हमध्ये ते वापरताना वाफेबरोबर बाहेर येऊ नये म्हणून झाकणाचा, निथळ आतच परतवणारा डबा लागतो. जाड हातमोजे, चेहऱ्यावर पूर्ण ढाल, रसायनरोधक एप्रन आणि जवळच डोळे धुण्याची सोय, यांशिवाय हे काम सुरूच करू नये.

निदान निश्चित नसेल तर उपकरणांचे काय करावे?

सीजेडीचा संशय बहुधा शस्त्रक्रियेनंतर येतो, आणि तेथेच व्यवस्था कोलमडते. झपाट्याने वाढणारा स्मृतिभ्रंश, स्नायूंचे झटके, चालण्यातला तोल जाणे अशा रुग्णाच्या मेंदूचा नमुना घ्यायचा ठरला, तर कारण स्पष्ट होईपर्यंत त्या थाळीला संशयित मानावे. वापरलेली सगळी उपकरणे साफ करून, बंद डब्यात, तारीख आणि शस्त्रक्रियेची नोंद लावून वेगळी ठेवावीत. अहवाल दुसऱ्या रोगाचा आला तर ती परत वापरात घ्यावीत, आणि सीजेडी ठरला तर नष्ट करावीत किंवा कडक पद्धतीने हाताळावीत.

हे न केल्याची किंमत २०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये दिसली. मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्या एका रुग्णाला सीजेडी असल्याचे मृत्यूनंतर कळले. तोपर्यंत ती उपकरणे इतरांवर वापरून झाली होती, आणि भाड्याने आणलेला एक संच तर दुसऱ्या राज्यांतही जाऊन आला होता. त्यानंतर डझनाहून अधिक जणांना संभाव्य संपर्काबद्दल कळवावे लागले. म्हणून कोणते उपकरण कोणत्या रुग्णावर वापरले हे शोधता येणे, ही निर्दूषणाइतकीच आवश्यक गोष्ट आहे.

एंडोस्कोपसारख्या नाजूक उपकरणांचे काय?

ती उच्च उष्णता किंवा तीव्र अल्कली सोसत नाहीत. अतिसंसर्गक्षम ऊतींशी संबंध येणार असेल तर उपकरण त्या एकाच रुग्णासाठी राखून ठेवावे आणि शेवटी नष्ट करावे. सीजेडीच्या रुग्णाची साधी जठर-तपासणी वेगळी असते, कारण तेथे त्या ऊतींशी संपर्कच येत नाही.

फरशीवर किंवा टेबलावर मेंदूची ऊती किंवा मेरुद्रव सांडला तर?

आधी शोषक कागदाने सगळा ऐवज टिपून घ्यावा आणि तो जाळण्याच्या कचऱ्यात टाकावा. मग त्या जागी दोन नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे लिटरमागे ८० ग्रॅम, किंवा २०,००० पीपीएम हायपोक्लोराइट ओतून एक तास जागा ओली ठेवावी, आणि नंतर पाण्याने नीट धुवावी. द्रावण लवकर वाळत असेल तर पुन्हा ओतावे. शवविच्छेदनाच्या टेबलावर जलरोधक, शोषक, एकदाच वापरण्याची चादर आधीच पसरली, तर यातले बरेचसे काम उरतच नाही.

हाताला टोचले किंवा डोळ्यात उडाले तर?

जखमेतून रक्त हलक्या हाताने वाहू द्यावे, कोमट साबणाच्या पाण्याने धुवावे, घासू नये, आणि जलरोधक पट्टी लावावी. डोळे सलाइनने आणि तोंड पाण्याने भरपूर धुवावे. अखंड त्वचेवर उडाले असेल तर धुऊन झाल्यावर एक मिनिट दहापट पातळ केलेले ब्लीच लावता येते, पण जखमेत किंवा डोळ्यात रसायन घालू नये. त्यानंतर घटनेची लेखी नोंद करून ती कायम जतन करावी.

ही नोंद का जपायची, हे फ्रान्समधील एका घटनेवरून कळते. तेथील प्रयोगशाळेत २०१० मध्ये दूषित उंदरांच्या मेंदूचे गोठवलेले काप हाताळताना एका तरुण कर्मचारी महिलेच्या अंगठ्यात दोन हातमोज्यांमधून चिमट्याचे टोक घुसले. लक्षणे सुमारे साडेसात वर्षांनी सुरू झाली आणि २०१९ मध्ये व्हेरियंट सीजेडीने तिचा मृत्यू झाला. आणखी एका प्रकरणानंतर २०२१ मध्ये फ्रान्समधील सार्वजनिक संशोधन संस्थांनी प्रायॉनवरील काम काही काळ थांबवले. हातमोजा सुरीला किंवा चिमट्याच्या टोकाला अडवत नाही. म्हणून जेथे शक्य आहे तेथे बोथट टोकाची, एकदाच वापरण्याची साधने घ्यावीत आणि छेद-रोधक हातमोजे वापरावेत.

फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या मेंदूच्या तुकड्यांपासून धोका असतो का?

असतो, आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. विकृतिविज्ञान प्रयोगशाळांत यासाठी फॉर्मिक आम्ल वापरतात. पातळ कापलेले तुकडे ९५ ते १०० टक्के फॉर्मिक आम्लात एक तास ठेवून नंतर ताज्या फॉर्मॅलिनमध्ये ४८ तास ठेवले, की संसर्गक्षमता खूपच घटते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ऊतीची रचनाही वाचता येते. वापरलेले फॉर्मिक आम्ल आणि ब्लीच एकत्र येऊ देऊ नयेत.

नव्या पद्धतींवर विश्वास ठेवावा का?

काही अल्कलीयुक्त धुलाई द्रावणे, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेची काही विशिष्ट चक्रे, आणि आम्लयुक्त एसडीएसचे (एका अपमार्जकाचे) द्रावण यांनी प्रयोगांत चांगला परिणाम दाखवला आहे, आणि धातूला त्यांचा त्रासही कमी होतो. मात्र एका उत्पादनाचा निष्कर्ष त्याच वर्गातल्या दुसऱ्या उत्पादनाला लावता येत नाही. विकरयुक्त द्रावणांत तर फरक फारच मोठे आहेत. विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात: चाचणी पोलादाच्या पृष्ठभागावर झाली की नुसत्या द्रवात, आणि ती प्राण्यांवर झाली की फक्त प्रथिन दिसेनासे झाल्यावर थांबली. परीक्षानळीत घडी बिघडण्याची साखळी पाहणाऱ्या संवेदनशील चाचण्या आता उपलब्ध आहेत आणि त्यांनी हे काम वेगाने पुढे नेले आहे. अशाच चाचणीने अमेरिकेतील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की घरगुती ब्लीचचे ४० टक्के द्रावण पाच मिनिटांत पोलादावरचा सीडब्ल्यूडी प्रायॉन निष्क्रिय करते. त्याच प्रयोगात ऊतीच्या घट्ट तुकड्याच्या आत मात्र ते पोहोचले नाही.

रुग्ण घरी असेल तर भांडी, कपडे, अंथरूण यांचे काय करावे?

काहीही वेगळे करावे लागत नाही. नेहमीसारखे धुवावे. रुग्णाला जवळ घेणे, भरवणे, आंघोळ घालणे यांत धोका नाही, आणि भीतीपोटी त्याला एकटे पाडणे ही त्याच्यावर होणारी टाळता येण्याजोगी क्रूरता आहे.

मृत जनावरे आणि दूषित जमीन यांचे निर्दूषण होते का?

जनावरांच्या अवशेषांसाठी दोन खात्रीचे मार्ग आहेत: उच्च तापमानाला पूर्ण जाळणे, किंवा दाबाखाली सुमारे १५० अंशांना तीव्र अल्कलीत कित्येक तास विरघळवणे. युरोपीय नियमांतील १३३ अंश, तीन बार दाब आणि २० मिनिटांची वाफ-प्रक्रिया संसर्गक्षमता कमी करते, पण पूर्ण नाहीशी करत नाही.

जमिनीचे उत्तर निराशाजनक आहे. चिकणमातीचे कण प्रायॉनला धरून ठेवतात. मातीत पुरलेल्या स्क्रेपीच्या नमुन्यात तीन वर्षांनी संसर्गक्षमता उरलेली होती, आणि आइसलँडमध्ये एका मेंढीवाड्यात सोळा वर्षांनंतरही रोग पुन्हा उद्भवल्याची नोंद आहे. नॉर्वेने २०१८ पर्यंत नॉर्डफ्येला भागातला रानटी रेनडियरचा संपूर्ण कळप मारला आणि तो प्रदेश किमान पाच वर्षे रिकामा ठेवण्याचे ठरवले. गोठ्यांबाबत ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात स्क्रेपी झालेल्या मेंढ्यांचे वाडे दाबाच्या पाण्याने धुतले, २०,००० पीपीएम क्लोरीनने एक तास भिजवले, लोखंडी भागांवर नवा मुलामा दिला किंवा नवे भाग बसवले, आणि मग तेथे निरोगी मेंढ्या सोडल्या. त्यांनाही संसर्ग झाला. म्हणून अशा ठिकाणी आज सल्ला दिला जातो तो संवेदनशील जनावरे तेथे परत न आणण्याचा, किंवा आणायचीच असतील तर रोगाला दाद न देणाऱ्या जनुकीय प्रकारच्या मेंढ्या निवडण्याचा.